त्यांना काही विचारू नका

गेल्या जुलैत मी एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत, शंभरेक लोकांसमोर, माझ्या मुलीच्या वयाच्या एका माणसावर ओरडलो. मी चोपन्न वर्षांचा आहे. सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटीची टीम सांभाळतो आणि ऑफिसात माझा चढलेला आवाज कुणी ऐकलेला नाही. त्या संध्याकाळी मात्र कोल्हापूरच्या पेठेतला आवाज लागला. लोक थांबून बघत होते. त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्या संध्याकाळची सुरुवात माझ्याच हातून झाली होती.

बुकित बातोकला आमच्या ब्लॉकखाली एक कॉफीशॉप आहे. तिथल्या टीव्हीसमोर शनिवारी इंग्लिश फुटबॉल बघायला जी माणसं जमतात, त्यांत मी सतरा वर्षं बसतोय. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ म्हणजे शेजारच्या ब्लॉकमधले एक चिनी गृहस्थ. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काटकुळे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. जन्मभर बसडेपोत मेकॅनिक होते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रेलियात. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही. आमची मैत्री जमली ती क्लबवरून. उत्तर इंग्लंडमधला क्लब. त्याचे सोन्याचे दिवस माझ्या जन्माच्या आसपासच संपले होते. तरी मी त्याच्यात का अडकलो, हे मला आजवर बायकोला समजावता आलेलं नाही.

फुटबॉलवाल्यांची स्मरणशक्ती हा एक आजारच असतो. आमच्या पेठेत आजही माणसं एका जुन्या फायनलमधल्या न दिलेल्या पेनल्टीवरून हमरीतुमरीवर येतात. तो पंच वारला, त्याचा मुलगा नोकरीतून निवृत्त झाला, तरी त्यांच्या घरचं लग्नाचं आमंत्रण आलं की 'पेनल्टीवाल्यांकडलं' म्हणतात. त्यामुळं अंकल मला पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. सत्तरच्या दशकातला कुठला सामना कुठल्या मैदानावर झाला, पाऊस होता की नव्हता, कॉर्नर कुणी मारला, सगळं त्यांना मुखोद्गत. त्या काळी सामने दिसायचेच कुठं? निकाल रेडिओवर ऐकायचे आणि आठवड्यानं टीव्हीवर तुकडे दाखवायचे तेवढे बघायचे. पण तेवढ्यावर त्यांनी अख्खा क्लब डोक्यात बांधला होता.

त्यातही एक आठवण त्यांची स्वतःची होती. ती मी निदान पन्नास वेळा ऐकली असेन, आणि एक्कावन्नाव्यांदाही मीच म्हणायचो, "अंकल, ते बिअरचं सांगा."

क्लब त्या काळात एकदा सिंगापूरला आला होता. अंकल तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे.

"मॅचच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस होती," ते सांगायचे. "माझी शिफ्ट संपलेली, मी तसाच गेलो. आमचा स्टॉपर कुंपणाजवळ एकटाच बसलेला. घोटा दुखत होता त्याचा. मला म्हणाला, इथं थंड बिअर कुठं मिळते? मी म्हटलं, रस्त्यापलीकडं. आला की लंगडत!"

हा स्टॉपर म्हणजे गोलीसमोर भिंतीसारखा उभा राहणारा बचावपटू. सव्वासहा फुटी गडी. आलेला प्रत्येक उंच चेंडू डोक्यानं परतवायचा, आणि कॉर्नर मिळाला की पुढं धावत जाऊन डोक्यानंच गोल करायचा. त्यासाठीच प्रसिद्ध होता.

"नूडल्स खाल्ले त्यानं. मिरची लागली, डोळ्यांतनं पाणी. मग माझ्या हातांकडं बघितलं. ग्रीस. म्हणाला, माझा बाप कोळशाच्या खाणीत आहे. त्याचे हात असेच असतात, कितीही धुतले तरी. आणि दुसऱ्या दिवशी हेड मारून गोल केला आणि आमच्या स्टँडकडं हात वर केला. मलाच केला, ब्रदर. हसू नकोस."

मी हसत नसे. मला खरंच वाटायचं.

गेल्या वर्षी क्लब पुन्हा सिंगापूरला मैत्रीपूर्ण सामना खेळायला येणार असं जाहीर झालं. सामन्याच्या आदल्या दिवशी जुन्या खेळाडूंसोबत एक संध्याकाळ होती. कार्यक्रम करणाऱ्या एका कंपनीनं चाहत्यांना आवाहन केलं, तुमच्याकडची सगळ्यांत जुनी आठवण व्हिडिओवर पाठवा. येणाऱ्या जुन्या खेळाडूंच्या यादीत तो स्टॉपर होता.

मी अंकलना कॉफीशॉपच्या भिंतीपाशी बसवलं आणि माझ्या फोनवर त्यांची आठवण रेकॉर्ड केली. एका दमात छान बोलले. घरी येऊन मुलीला दाखवली. ती इथंच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत येतं.

"सो स्वीट," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, डोन्ट सेंड लाह."

"का?"

"दे विल यूज हिम. ते त्याला कंटेंट करतील."

"सगळ्यात वाईटच दिसतं तुम्हाला," मी म्हणालो, आणि व्हिडिओ पाठवून दिला.

चार दिवसांत फोन आला. त्यांना अंकल हवे होते. स्टेजवर भेट घडवायची, पन्नास वर्षांनी. मी धावत कॉफीशॉपमध्ये गेलो. अंकलनी बातमी ऐकून कोपीचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा, पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मला थांबवून विचारलं, "मला ओळखेल का तो?"

"अंकल, ते हात कोण विसरेल?" मी म्हणालो. किती सहज म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही चारला हॉटेलवर पोहोचलो. अंकल केस कापून आले होते, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, बूट चकाचक. कार्यक्रमाचा मॅनेजर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कानात यंत्र, हातात टॅब. त्यानं अंकलना बघितलं आणि कुणाला तरी म्हणाला, "शर्ट चालणार नाही." मग एक जुन्या धाटणीची जर्सी आणली. अशा जर्सी आता मुद्दाम बनवतात, आमच्यासारख्यांच्या जिवावर विकतात. अंकल म्हणाले, "ही कॉलर तेव्हाची नाही. कॉलर पांढरी होती." मॅनेजर हसला, "कुणाला कळतंय, अंकल!" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं पडद्याआड जाऊन इस्त्रीचा शर्ट उतरवला आणि घडी करून माझ्याकडं दिला. जर्सी खांद्यावरून लोंबत होती.

मग त्यांना स्टेजच्या मागं उभं केलं. खुर्ची नाही. पाऊण तास. मी खुर्ची मागितली तर म्हणे, आता बोलावतीलच.

तिथंच मी त्या स्टॉपरला पहिल्यांदा जवळून पाहिलं. खेळाडूला आपण जन्मभर अरे-तुरे करतो. तो धावला, त्यानं मारला. पण समोर बघितलं आणि मनातल्या मनात 'तो'चे 'ते' झाले. अजूनही उंच होते, पण वाकलेले, आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांची बायको उभी होती. त्यांनी तिला विचारलं, "बस आली का?" ती म्हणाली, "येईल हं." दोन मिनिटांनी पुन्हा, "बस आली का?" ती त्याच आवाजात म्हणाली, "येईल हं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अंकलनी माझा दंड धरला.

खेळाडूच्या बायकोनं मॅनेजरला हाक मारली. मी चार हातांवर होतो, शब्द न् शब्द ऐकला. "मी लिहून कळवलं होतं. ते फक्त हात हलवतील आणि खाली येतील. त्यांना काही विचारू नका. सामन्याचं नाही, माणसांचं नाही, काहीच नाही."

"अर्थात, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "हात हलवायचा, बस."

मी हे ऐकलं होतं. तेव्हाच अंकलना घेऊन निघायला हवं होतं मी. मी गेलो नाही. मला वाटलं, हात हलवतील, अंकल त्यांना भेटतील, फोटो होईल, संपेल. खरं सांगायचं तर मलाही ती भेट बघायची होती.

आधी मोठ्या पडद्यावर अंकलचा व्हिडिओ दाखवला. अर्धा कापला होता. कोळशाची खाण नव्हती, बापाचे हात नव्हते, मिरची आणि बिअर तेवढी ठेवली होती, खाली पियानो वाजत होता. लोक हसले, हळहळले. निवेदकानं नाट्यमय आवाजात अंकलना बोलावलं आणि दुसऱ्या बाजूनं त्या म्हाताऱ्या खेळाडूला. त्यांची बायको पायरीपर्यंत आली, तिला तिथंच थांबवलं.

दोघं दिव्यांखाली समोरासमोर आले. अंकलनी हात पुढं केला. निवेदकानं मधेच माईक खुपसला.

"पन्नास वर्षं! सांगा सर, या माणसाला ओळखलंत का?"

बायको खालून ओरडली, "नको!" ते मला ऐकू आलं, सभागृहाला नाही.

त्या मोठ्या माणसानं अंकलकडं पाहिलं, मग दिव्यांकडं, मग समोरच्या अंधारात बसलेल्या लोकांकडं. चेहऱ्यावर भीती होती. वर्गात उभं केलेल्या आणि उत्तर न येणाऱ्या पोराची असते तशी. मग म्हणाले, "हाफ-टाइम झाला का?"

आणि लोक हसले. अख्खं सभागृह. त्यांना वाटलं विनोद केला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. निवेदकही हसला आणि म्हणाला, "झाला, सर, झाला! पण हा चाहता तुम्हाला विसरलेला नाही. आठवतंय का ते कॉफीशॉप?"

दुसऱ्यांदा विचारलं त्यानं. पहिल्यांदा न कळून झालं असेल, पण एवढ्या जवळून तो चेहरा बघून दुसऱ्यांदा?

अंकलनी तेव्हा एक गोष्ट केली. निवेदकाच्या हातातला माईक स्वतःकडं ओढला आणि त्यांच्या साध्या, डेपोतल्या इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. माझी चूक. आता जवळून बघितलं तर कळलं. ते हे नव्हेत, ते दुसरेच कुणीतरी होते. मी म्हातारा झालोय, माझं डोकं चालत नाही. यांना कसं आठवणार? आम्ही कधी भेटलोच नाही."

कुणीतरी मागून "ऑ..." केलं, कीव आल्यासारखं. अंकलना कीव चालली. त्यांनी त्या माणसाचा हात धरला आणि म्हणाले, "चला, बस आली." आणि हळूहळू, एकेक पायरी दाखवत, बायकोपर्यंत नेऊन सोडलं.

पन्नास वर्षं जपलेली त्यांच्या आयुष्यातली एकुलती एक मिरवायची गोष्ट. ती त्यांनी एवढ्या लोकांसमोर खोटी म्हणून टाकून दिली. कुणाला कळलंही नाही.

मी मॅनेजरला लॉबीत गाठलं. तो टॅबमध्ये बघत होता. "अंकलचं जरा गडबडलं," तो म्हणाला, "पण हाफ-टाइमचं भारी झालं. त्याची क्लिप करून घेऊ आम्ही."

मग मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. "तिनं सांगितलं होतं ना? विचारू नका म्हणून सांगितलं होतं ना तुला?" एवढं पाच-सहा वेळा म्हणालो असेन. तो सारखा "सर, कृपया शांत व्हा" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "सर, अंकल स्वखुशीनं आलेत. आणि व्हिडिओ तर तुम्हीच पाठवला होता."

ते खरं होतं. म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडलो. सुरक्षारक्षक आला तेव्हा थांबलो.

त्या खेळाडूची बायको कोपऱ्यातल्या सोफ्यावर नवऱ्याजवळ बसली होती. अंकलना शोधत मी तिथं गेलो तर ते तिच्याशेजारी उभे होते, मी पडद्याआड ठेवलेला पांढरा शर्ट पुन्हा घालून. ती त्यांना म्हणत होती, "तुम्ही खोटं बोललात. मी ती कॉफीशॉपची गोष्ट ऐकली आहे. लग्नाच्या आधीपासून. सिंगापूरचा मेकॅनिक."

अंकलनी शर्टाच्या कॉलरचं बटण लावलं.

मी तिची माफी मागितली आणि सांगितलं की व्हिडिओ मी पाठवला होता. आणि मग, कुठून सुचलं कुणास ठाऊक, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "त्यांचा तो दुसऱ्या दिवशीचा हेडरसुद्धा..."

तिनं मला तिथंच तोडलं. "प्रत्येक जण मला हेडरचंच सांगतो. पन्नास वर्षं. गोल तुम्हाला आठवतात. सरावात किती मारले ते कुणाला आठवत नाही. भिजलेला चामड्याचा चेंडू, विटेसारखा जड. रोज. घरी यायचा तो अंधारात पडून राहायचा, उजेड सहन व्हायचा नाही. डॉक्टर म्हणतात, त्याचंच हे." मग आवाज खाली आला. "घरी असला की दिवसभर खिडकीशी उभा राहतो. इथं टाळ्या वाजतात तेव्हा सरळ उभा राहतो. म्हणून आणते. मलाही दुसरं काही सुचत नाही."



परत येताना MRTमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, अंकल आणि मी शेजारी बसलो. मधेच ते म्हणाले, "त्याचा हात मऊ झालाय." एवढंच. आणि मी इतका रागात होतो की मला त्यांच्याशी नीट बोलताही आलं नाही. घरी मुलीनं माझा चेहरा बघितला. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. ते बरं केलं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. 'हाफ-टाइम झाला का?' आणि त्यावर हशा, खाली हसरे चेहरे. हजारो लोकांनी पुढं पाठवला. आमच्या कोल्हापूरच्या मित्रांच्या ग्रुपवरसुद्धा आला, "काय कडक म्हातारा आहे!" म्हणून. मी कंपनीला मेल लिहिला. उत्तर आलं, आपल्या भावना आमच्यासाठी महत्त्वाच्या आहेत. मी क्लबला लिहिलं. कार्यक्रम त्रयस्थ कंपनीचा होता, म्हणाले. मी रोज एक मेल लिहायला लागलो, ऑफिसला निघण्याआधी. बायको म्हणायची, "रक्तदाब वाढवून घ्या." एकोणिसाव्या मेलनंतर, की इंग्लंडहून त्या बाईंनी वकिलामार्फत कळवल्यावर, कशानं ते माहीत नाही, व्हिडिओ काढला. पण फोनाफोनांतला कोण काढणार?

नोव्हेंबरात ते स्टॉपर वारले.

शनिवारच्या सामन्याआधी क्लबनं मानवंदना दिली. कॉफीशॉपमधल्या टीव्हीचा आवाज मोठा केला होता. मैदानावर दोन्ही संघ रिंगण करून उभे, हजारो लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, म्हातारे डोळे पुसतायत. आणि मोठ्या पडद्यावर त्यांचं जुनं फुटेज. हेडर. चिखलात, पावसात, एकामागून एक, चेंडू येतोय आणि तो उंच माणूस त्याला डोकं देतोय. प्रत्येकाला टाळ्या वाढत होत्या. ज्यानं माणूस गेला तेच दाखवत होते, आणि समालोचक भरल्या गळ्यानं म्हणत होता, आता असे खेळाडू होत नाहीत.

कॉफीशॉपमधले सगळे उभे राहिले. अंकल बसून राहिले, म्हणून मीही. पलीकडच्या टेबलावरचा एक जण म्हणाला, "जरा मान ठेवा, ब्रदर."

मी त्याच्याकडं वळलो तसं अंकलनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नको," म्हणाले. "त्याला काय माहीत." आणि पडद्याकडं पाठ करून, शांतपणे, समोरचा भात संपवू लागले. मी त्यांच्यासाठी गप्प बसलो. पण मला त्या माणसाला सांगायचं होतं. सगळ्यांनाच सांगायचं होतं. मैदानातल्या त्या हजारोंना, आणि स्वतःला, ज्यानं पन्नास वेळा तोच गोल पुन्हा सांगायला लावला होता.

त्या दिवसापासून मी सामने बघत नाही. शनिवारी खाली जातो, अंकलशेजारी बसतो, टीव्हीकडं पाठ करून. ते मला डेपोतल्या गोष्टी सांगतात, कुठल्या बसचा गिअरबॉक्स कसा बिघडायचा ते. जुनं ते सोनं म्हणतात लोक. म्हणू देत. रविवारी सकाळी मात्र उठल्या उठल्या, बायको चहा टाकायच्या आत, मी चोरून क्लबचा निकाल बघतो. हरले असतील तर वाईट वाटतं. आणि वाटतं म्हणून स्वतःचाच संताप येतो.